आपल्या नांवाचें घर

"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. ती ज्या काळीं पडली त्या काळीं घर बांधणें म्हणजे दगड, माती, लांकूड आणि सुतार-गवंडी यांची जुळवाजुळव होती. जागा बहुधा वडिलार्जित असे. आज पुण्या-मुंबईंत नियमित पगाराच्या, निर्व्यसनी, काटकसरी कुटुंबालाही घर बांधणें दूरच, दोन खोल्यांची तयार सदनिका घेणेंही आवांक्याबाहेर गेलें आहे. चाळिशी उलटते, मुलें मोठीं होतात, भाड्याचे करार नवे होत राहतात, आणि एके दिवशीं पति-पत्नी दोघांच्याही मनांत, परस्परांना न सांगतां, एकच विचार येतो, कीं हें आतां आपल्या हातून व्हावयाचें नाहीं. ह्या विचाराशीं समेट कसा करावा, हा आजचा विषय आहे.

येथें वैराग्याचा उपदेश करण्याचा हेतु नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें सर्पाला गुरु मानलें, कारण तो स्वतःचें घर बांधीत नाहीं, दुसऱ्याच्या बिळांत सुखानें राहतो. एकनाथ महाराजांच्या भागवतांतही हा गुरु आहेच. परंतु सर्पाला मुलांच्या शाळा बदलाव्या लागत नाहींत, आणि दर अकरा महिन्यांनीं भांड्यांचीं खोकींही बांधावीं लागत नाहींत. गृहस्थाश्रमी माणसाला निराळें उत्तर हवें.

"आम्हांला घर नाहीं" असें जो म्हणतो त्याच्या डोक्यावर बहुधा छप्पर असतें. त्याला सलते ती मानाची उणीव, पैसा वायां जात असल्याची चुटपुट, आणि उद्यां कोणी "जागा खाली करा" म्हणेल ही धास्ती. हीं तीन दुःखें एकाच शब्दांत गुंफलीं गेल्यामुळें असह्य होतात. वेगळीं केलीं तर त्यांतील एकच खरोखर मोठें आहे असें दिसतें.

मानाचें दुःख फार जुनें नाहीं. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत वकील, शिक्षक, कारकून, ग्रंथकार पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाडकरू म्हणून राहिले, आणि बिऱ्हाड हा शब्द कोणाला हिणकस वाटला नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळींत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. दादरचें 'राजगृह' त्यांनीं बांधलें तें मागाहून, आणि त्यांतही ग्रंथसंग्रहाच्या सोयीचा विचार मोठा होता. १९१५ सालीं मुंबईस गांवदेवीला सारस्वत मंडळींनीं जी सहकारी गृहसंस्था काढली, तिच्यांत इमारती संस्थेच्या आणि सभासद हे संस्थेचे भाडेकरू, अशी योजना होती. मजल्यावरील चार खोल्या एकट्याच्या मालकीच्या करून घेण्याची चाल मध्यमवर्गांत रुळली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकांठचे वाडे पडले. १९६३ सालीं महाराष्ट्रांत मालकीच्या सदनिकांविषयींचा कायदा झाला. आणि 'ओनरशिप' हा शब्द आपल्या बोलण्यांत येऊन बसला. आजोबांना ज्याची लाज वाटली नाहीं त्याची नातवानें वाटून घ्यावी, याला तर्कशास्त्राचा आधार नाहीं.

आतां पैशाचें पाहूं. "भाडें म्हणजे पाण्यांत गेलेला पैसा" असें ऐकूं येतें. समजा, पन्नास लाखांचें घर आहे, दहा लाख हातचे आणि चाळीस लाख कर्जाचे. साडेआठ टक्के व्याजानें, वीस वर्षांच्या मुदतीनें मासिक हप्ता सुमारें ३४,७०० रुपये पडतो. पहिल्या हप्त्यांतील २८,००० हून अधिक रुपये निव्वळ व्याजाचे असतात. मुद्दल फिटतें तें साडेसहा हजारांच्या आंत. व्याज म्हणजे तरी काय? पैशाचें भाडेंच. वीस वर्षांत बँकेला ८३ लाखांहून अधिक रुपये जातात; शहरांतील मुद्रांक शुल्काचे तीन-साडेतीन लाख आणि नोंदणीचे ३०,००० आरंभींच वेगळे. तेंच घर पंधरा-सोळा हजार भाड्यानें मिळत असेल, तर भाडेकरू मूर्ख ठरत नाहीं. अर्थात्‌ दुसरी बाजूही खरी आहे. हप्ता वीस वर्षांनीं संपतो, भाडें संपत नाहीं. शिवाय तें वाढत जातें. म्हणून हप्ता आणि भाडें यांतील अंतर जो महिन्याच्या पहिल्या तारखेस बाजूला टाकतो त्याचाच हा हिशेब जुळतो. तें अंतर खर्चून टाकणाऱ्यानें गणिताचा आधार घेऊं नये.

मनाशीं हा समेट वेळेवर न झाला तर काय होतें, तें पाहावयाचें असल्यास पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्यानें जावें. वाघोली, कोरेगांव भीमा, सणसवाडी मागें टाकून शिक्रापुरास पोंचलें, कीं जवळच वेळ नदीच्या कांठीं तळेगांव ढमढेरे हें बाजाराचें जुनें गांव आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव येथें कारखाने आले, मागोमाग कामगार आले, आणि ह्या साऱ्या पट्ट्यांत शेतजमिनीला गुंठ्याचा भाव आला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट; तेहतीस फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा. शहरांत सदनिका न मिळालेला कारकून रविवारीं सहकुटुंब जातो, चुन्याच्या रेघा पाहतो, आणि "निदान जमीन तरी आपल्या नांवावर झाली" ह्या समाधानासाठीं भविष्य निर्वाह निधींतून पैसे काढतो.

पण ती त्याच्या नांवावर होते काय? शेतीचे निरुपयोगी तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. २०२३ च्या अधिसूचनेनें बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र जिरायतीसाठीं २० आणि बागायतीसाठीं १० गुंठे ठरलें. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्याला परवानगीवांचून शेतजमीन घेतांच येत नाहीं. मग विक्री होते ती नोटरीपुढच्या साठेखतावर अथवा कुलमुखत्यारपत्रावर. नाहीं तर परस्परांना न ओळखणारे दहा-अकरा जण मिळून एक खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर नांवें अकरा, हद्द कोणाचीच नाहीं. अशा तुकड्यावर बँक कर्ज देत नाहीं आणि बांधकामाची परवानगी मिळत नाहीं. २०२५ सालीं शासनानें १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे, विवक्षित क्षेत्रांतील असे व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली, आणि अडकलेल्या अनेकांना तो दिलासा आहे. परंतु जुन्या व्यवहारांना मिळालेली सवलत दाखवून कोणी नवा गुंठा विकूं लागला, तर त्याला हीच तारीख वाचून दाखवावी. माझ्या मतें ह्या खरेदींत जमिनीपेक्षां मानच अधिक विकला जातो, आणि तोही कागदावर.

राहिली धास्ती. तीन दुःखांपैकीं मोठें तें हेंच, आणि तिच्याविषयीं खोटी समजूत घालणें बरें नव्हे. जुन्या भाडेकरूला १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पुरें अभय दिलें. भाडीं १९४० च्या पातळीवर गोठलीं, मालकाला डागडुजी परवडेना, आणि पुष्कळ वाडे भाडेकरूंसकट खिळखिळे झाले. नवा भाडेकरू दुसऱ्या टोकाला आहे. त्याचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार संपला कीं त्याला उठावें लागतें; न उठल्यास दुप्पट आकार भरावा लागतो. तथापि १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांत त्याच्या उपयोगाचें एक कलम आहे, तें ५५ वें. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे; तो नोंदलेला नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. अकरा महिन्यांची रीत पडली ती एक वर्षावरील भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून. येथें अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. मग त्या मुदतीला चिकटून राहण्याचें कारण उरत नाहीं. मुलगी आठवीला असेल तर ती दहावी होईपर्यंतचा, तीन वर्षांचा करार मागावा. वाढीचा दर त्यांतच लिहून घ्यावा. कांहीं मालक विचारल्यावर तयार होतीलही. विचारून तरी पाहावें. जर्मनींत निम्म्याच्या आसपास लोक भाड्यानें राहतात, कारण तेथें करार सामान्यतः बेमुदत असतो आणि कायद्यांतील कारणावांचून कोणाला काढतां येत नाहीं. तसें स्थैर्य आपल्याकडे येईपर्यंत भाडेकरूच्या वाट्याला धास्तीचा कांहीं भाग राहणारच.

तिचें टोंक म्हातारपणीं अधिक बोंचतें. साठीनंतर नवीन जागा शोधणें कठीण जातें, आणि वृद्ध भाडेकरू ठेवावयास मालकही कां कूं करतात. हप्ता आणि भाडें यांतील जें अंतर बाजूला टाकावयाचें म्हटलें, तें ह्याच दिवसासाठीं. नोकरी संपली कीं पुण्यांत राहण्याची सक्तीही संपते, आणि तेव्हां तळेगांव ढमढेऱ्यासारखें गांव निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें: मंजूर नकाशाच्या इमारतींतील दोन खोल्या, अथवा बिनशेती झालेल्या मोजणीच्या जागेवरील लहानसें घर. पांचशे चौरस मीटरांहून मोठ्या नव्या प्रकल्पाचा महारेराचा क्रमांक मागावा, आणि आपल्याला कर्ज नको असलें तरी बँकेंत जाऊन ती ह्या जागेवर कर्ज देईल काय, एवढें विचारून यावें.