होता साठा, आणि तो नष्टही केला

‘भारताकडे रासायनिक शस्त्रं कधी नव्हतीच,’ असं अनेकजण अभिमानाने सांगतात. हे खरं नाही. शिवाय या समजुतीमुळे खरी अभिमानाची गोष्ट झाकली जाते.

भारताने रासायनिक शस्त्रबंदी करारावर १४ जानेवारी १९९३ रोजी सही केली आणि १९९६ मध्ये त्याला संमती दिली. २९ एप्रिल १९९७ रोजी करार लागू झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत भारताने आपल्याकडे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं. त्वचेवर फोड आणणारं, डोळे आणि फुप्फुसं जाळणारं हे रसायन. ही कबुली सोपी नव्हती. ऑगस्ट १९९२ मध्येच भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त जाहीरनाम्यात अशी शस्त्रं बनवणार नाही, मिळवणार नाही, वापरणार नाही असं म्हटलं होतं. साठा लपवून ठेवण्याचा मोह कोणत्याही सरकारला झाला असता. भारताने तो उघड केला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत धाडसी पाऊल तेच होतं.

साठा जाहीर झाला की कुठेतरी पुरून टाकायचा, असंही लोकांना वाटतं. करारात त्याला सक्त मनाई आहे. विषारी रसायन जमिनीत पुरायचं नाही, समुद्रात बुडवायचं नाही, उघड्यावर जाळायचं नाही. माणसांना आणि पर्यावरणाला धोका न पोचवता ते नष्ट करायचं, तेही हेगच्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेच्या (ओपीसीडब्ल्यू) निरीक्षकांसमोर. म्हणूनच हे काम वर्षानुवर्षं चालतं. मूळ मुदत २००७ ची होती. भारताने ती एप्रिल २००९ पर्यंत वाढवून घेतली आणि तिच्या आत काम संपवलं. आल्बेनिया आणि दक्षिण कोरिया यांच्यानंतर जाहीर केलेला साठा पूर्णपणे नष्ट करणारा भारत तिसरा देश ठरला. अमेरिकेचं हे काम जुलै २०२३ मध्ये पुरं झालं.

पण साठा गेला म्हणून जबाबदारी संपली नाही. फॉस्जीन कीटकनाशकं आणि पॉलियुरेथेन बनवायला लागतं. पहिल्या महायुद्धात त्याच वायूने हजारो सैनिक मेले. थायोडायग्लायकॉल शाई आणि कापडाच्या रंगकामात चालतं, मस्टर्डही त्यापासूनच बनतं. अशी रसायनं सरसकट बंद करता येत नाहीत, त्यांचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. त्यासाठी २००० साली कायदा झाला. ठरावीक रसायनांच्या कारखान्यांना माहिती सादर करावी लागते आणि परदेशी निरीक्षकांना दार उघडावं लागतं. उद्योगांना हे नियम समजावून देणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन केमिकल कौन्सिलला २०२४ चा ‘ओपीसीडब्ल्यू–हेग पुरस्कार’ मिळाला.

भोपाळची दुर्घटना मात्र या कराराच्या कक्षेत येत नाही. तो औद्योगिक अपघात होता. शस्त्र ठरतं ते हेतूवरून. पोलिसांच्या अश्रुधुराला मुभा आहे, पण युद्धात तोच वापरणं करारभंग आहे.

जाहीर झालेले साठे संपले म्हणजे जग मुक्त झालं, असं मात्र नाही. सीरियाने २०१३ मध्ये करार स्वीकारला, तरी त्यानंतरही तिथल्या नागरिकांवर विषारी रसायनांचे हल्ले झाले. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांनी करारावर सही केलेली नाही. इस्रायलने सही केली, पण संमती अजून दिलेली नाही.