बदामीचा तांबडा कातळ

ज्या काळ्या पाषाणात वेरूळचे कैलास कोरले गेले आणि ज्याच्या कड्यांवर आपले बहुतेक गड उभे आहेत, त्याचा अंमल विजापूर ओलांडून घटप्रभेकडे जाताना हळूहळू संपतो, आणि मलप्रभेच्या खोऱ्यात, बदामीच्या अगस्त्य तीर्थाभोवती, तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे एकदम समोर येतात. हा नुसता रंगाचा पालट नव्हे. तो काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि सह्याद्रीचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. हा वालुकाश्म त्याच्याहून निदान आठ पटींनी जुना आहे, आणि उत्तरेकडून व पश्चिमेकडून आलेले लाव्ह्याचे थर त्याच्या कडांवर चढून बसले आहेत.

या प्रदेशाची पहिली सविस्तर भूवैज्ञानिक पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली. 1863 साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधून काढणारे हेच ते गृहस्थ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने 1876 साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात या भागाचा निर्देश ‘दक्षिण मराठा मुलूख’ असाच आहे. मुंबई इलाख्यातील कलादगी या गावावरून त्यांनी या खडकांना नाव दिले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांचे दोन भाग पाडले, खालचा बागलकोट समूह आणि वरचा बदामी समूह.

या दोहोंमधील सीमेवरच या मुलखाच्या इतिहासातील एक मोठा कालखंड दडलेला आहे. बागलकोटचे थर साचले, कठीण झाले, भूकवचाच्या दाबाने त्यांना घड्या पडल्या, ते तिरपे उभे राहिले, मग ऊनपावसाने व नद्यांनी त्यांची डोकी खरवडून सपाट केली, आणि एवढे सारे घडून गेल्यानंतर त्या झिजलेल्या पृष्ठावर बदामीचे थर आडवे अंथरले गेले, ते आजतागायत जवळजवळ तसेच आडवे आहेत. भूशास्त्रात अशा सीमेला विसंगती म्हणतात. परंतु जो काळ एकाही थराच्या रूपाने मागे उरला नाही, त्याचीही अस्सल नोंद ती देते, हे तिचे मोल मला फार मोठे वाटते.

त्या पृष्ठावर प्रथम साचला तो पिंडाश्म. केंदूर गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खडकात गारगोटी, क्वार्ट्‌झाइट, चर्ट आणि तांबडा जॅस्पर यांचे गोटे तांबूस वाळूत घट्ट बसलेले आहेत. यांतील कित्येक गोटे त्याच जुन्या, झिजलेल्या खडकांचे आहेत. म्हणजे नाहीशा झालेल्या डोंगरांचा दगड येथे हाताने चाचपता येतो. बदामीस जाणाऱ्याने लेण्यांच्या आधी हा पिंडाश्म पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गोट्यांचा गोलावा पाण्याने लांबवर घोळवल्याची खूण आहे, आणि त्यांचा आकार त्या पाण्याचा जोर सांगतो.

वरच्या वालुकाश्मात नद्यांचे चित्र अधिक स्पष्ट होते. त्या काळी जमिनीवर गवताचे पातेदेखील नव्हते. काठ धरून ठेवणारी मुळे नसल्यामुळे नद्या एका पात्रात राहत नसत, वेणीच्या पेडांसारख्या फुटत, मिळत, पुन्हा फुटत, आणि विस्तीर्ण मैदानावर वाळूचे पट्टे टाकीत जात. प्रवाहाबरोबर सरकणाऱ्या त्या वाळूच्या पट्ट्यांच्या उतारावर कण तिरपे साचत. ती तिरपी स्तररचना कड्याकड्यांतून दिसते, आणि तिच्या कलावरून पाणी कोणत्या दिशेने वाहत होते हे आज मोजता येते. तांबडेपणा मात्र वाळूचा स्वतःचा नव्हे. प्रत्येक स्वच्छ कणाभोवती हेमॅटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, अतिशय पातळ पुट आहे, आणि लोह असे गंजले यावरून हवेत प्राणवायू होता हेही कळते.

चालुक्यांनी राजधानीसाठी ही जागा निवडली, त्यात या खडकाच्या घडणीचा वाटा मोठा आहे. आडवे, जाड थर आणि त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगा यांमुळे कडे भिंतीसारखे सरळ तुटतात; उत्तरेकडील किल्ल्याची वाट अशाच अरुंद घळींतून चढते. पहिल्या पुलकेशीने 543 साली येथे दुर्ग बांधला, आणि 1786 साली मराठ्यांच्या व निजामाच्या फौजांनी तो टिपूकडून घेतला. चालुक्य घराण्यातील मंगलेशाने शके 500 मध्ये, म्हणजे इ. स. 578 मध्ये, पूर्ण केलेल्या तिसऱ्या लेण्यात स्तंभांवरून नजर फिरवली तर शिल्पांच्या अंगावरूनच वाळूच्या तिरप्या रेघा गेलेल्या दिसतात. त्या शिल्पकाराने काढलेल्या नाहीत. प्राचीन नदीने काढलेल्या आहेत.

ऐहोळेच्या मेगुती मंदिरातील 634 सालचा कवी रविकीर्तीचा लेख याच वालुकाश्मावर आहे. दुसऱ्या पुलकेशीने नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व मिळवल्याचा उल्लेख त्यात आहे, आणि आपल्या भूमीच्या नावाच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते.

कलादगी खडकांची तुटक बेटे कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही आहेत. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात याच कुळातील वालुकाश्मापासून सिलिका वाळू काढतात, आणि ती काच व ओतकामाच्या कारखान्यांना जाते.