स्वस्तातलं अवजार रोजी बुडवतं



मागच्या व्हिडिओत बागकामाचा व्यवसाय कमी भांडवलात कसा सुरू करायचा ते बघितलं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, अवजारं कुठली घेऊ?" सांगतो, पण आधी माझी चूक सांगतो.

दुकान नवीन होतं तेव्हा पावसकडचा एक मुलगा आला. एका होमस्टेच्या बागेचं काम त्याला मिळालं होतं, बजेट कमी. मी त्याला दहा वस्तूंचा स्वस्त सेट बांधून दिला. दोघंही खूश. तिसऱ्या दिवशी सिकेटरची स्प्रिंग उडाली, कोयत्याची मूठ सैल झाली. स्प्रिंग सुटी मिळत नव्हती. काम अर्धवट राहिलं आणि मालकाने दुसरा माणूस लावला. पोरगा दुकानात आला, भांडला नाही. सिकेटर काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाला, "दादा, तुम्हीच दिलेला." त्या दिवसापासून मी सेट विकणं बंद केलं.

आधी हिशेब रोजचा करा

समजा, 300 रुपयांचा सिकेटर 60 दिवस चालला, तर दिवसाला 5 रुपये पडले. 1200 चा 600 दिवस चालला, तर 2 रुपये. मग स्वस्त कुठला? आणि यात बुडालेली रोजी, गेलेलं गिऱ्हाईक धरलेलंच नाही.

घेताना काय बघायचं?

सिकेटर: ओल्या, जिवंत फांदीला दोन पाती एकमेकांना घासून जाणारा घ्या. सपाट पट्टीवर पातं आपटणारा प्रकार सुक्या काटक्यांसाठी ठीक, ओली फांदी तो चेंगरतो. स्प्रिंग, पातं, बोल्ट सुटे मिळतात का, हे दुकानदाराला विचाराच. स्वित्झर्लंडची फेल्को कंपनी 1945 पासून आहे, तिच्या छाटणीच्या कात्रीचे सगळे भाग बदलता येतात. तेवढी महाग घ्या असं म्हणत नाही, पण तत्त्व तेच ठेवा. बोटापेक्षा जाड फांदीला करवत वापरा, सिकेटरवर जोर काढू नका.

कोयता: ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा, लोहाराने घडवलेला कोयता आजही भारी. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे मुरडलेली हवी. धारेवर कानस हलकीच फिरवा. लोण्यासारखी रुतली तर पाणी नीट दिलेलं नाही, धार टिकणार नाही.

कुदळ आणि टिकाव: आपल्याकडे खाली जांभा. मऊ मातीसाठीची पातळ कुदळ इथे वाकते. एकसंध घडवलेली घ्या, वेल्डिंगचा जोड नको. दांडा बाभळीचा, रेषा सरळ गेलेल्या, गाठ नसलेला.

झेला: हापूसच्या तोडणीची कामं घेणार असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला बघा. आंबा देठासकट कापला जातो, त्यामुळे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. डागाळलेल्या आंब्याला भाव मिळत नाही आणि बोल तोडणाऱ्याला लागतो. पातं बदलता येतं का आणि काठी दिवसभर पेलेल का, हे हातात धरूनच ठरवा.

संध्याकाळची दहा मिनिटं

रत्नागिरीत खारी हवा आणि चार महिने पाऊस. चांगलं पोलादही इथे गंजतं. काम संपलं की चीक-माती धुवा, कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा. आठवड्यातून एकदा धार लावा. एका झाडाला रोग दिसला असेल तर पुढच्या झाडाला लावण्याआधी पातं स्पिरिटने पुसून घ्या.

तो मुलगा पुढे परत आला. या वेळी फक्त तीन वस्तू घेतल्या: सिकेटर, कोयता, करवत. बाकीचं कामं मिळतील तसं एकेक घेत गेला. आज त्याच्या हाताखाली दोन माणसं आहेत, आणि नवीन माणसाला तो आधी अवजार पुसायला शिकवतो.

आजचा होमवर्क: पुढच्या तीन महिन्यांत कुठली कामं मिळणार आहेत ते वहीत लिहा. ज्या अवजाराशिवाय त्यातलं काम अडेल, तेच आधी घ्या, आणि ते चांगलं घ्या. बाकीचं कमाईतून येईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!