अडीच घरांनी चौसष्ट घरे

बुद्धिबळाच्या पटावरून सगळ्या सोंगट्या उचला आणि एकटा घोडा ठेवा. समोर प्रतिस्पर्धी नाही, शह नाही, मात नाही. घोड्याने आपल्या अडीच घरांच्या चालीने चौसष्टही घरांत जाऊन यायचे, पण एकाही घरात दुसऱ्यांदा पाऊल टाकायचे नाही. सुरुवातीला घरे भराभर भरत जातात. मग कुठल्या तरी कोपऱ्यातले एखादे घर रिकामे राहिलेले दिसते आणि तिथे जाणाऱ्या वाटा केव्हाच मोडून गेलेल्या असतात. पटाच्या मधल्या घरातून घोड्याला आठ दिशा मोकळ्या असतात, कोपऱ्यातून फक्त दोन. अडचणीचे मूळ तिथेच आहे.

हे कोडे आजच्या बुद्धिबळापेक्षा जुने आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये रुद्रट नावाचा साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या ‘काव्यालंकार’ या ग्रंथात शब्दचमत्कृतीचे जे प्रकार आहेत, त्यांत घोड्याच्या चालीने वाचायचा एक श्लोक आहे. चार ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरे, म्हणजे बरोबर अर्ध्या पटाची बत्तीस घरे. घराघरांत एकेक अक्षर लिहून श्लोक नेहमीसारखा डावीकडून उजवीकडे वाचा. मग पहिल्या घरापासून घोड्याच्या चालीने वाचा. दोन्ही वेळा तोच श्लोक येतो!

हे साधायला किती बंधने पाळावी लागतात पाहा. घोड्याची पहिली उडी दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात पडते, म्हणून तिथले अक्षर श्लोकाच्या दुसऱ्या अक्षरासारखेच हवे. दुसरी उडी पुन्हा पहिल्या ओळीत, पाचव्या घरात पडते, तेव्हा ते अक्षर तिसऱ्यासारखे हवे. अशी अक्षरे एकमेकांना बांधली जात जातात आणि कवीच्या हाती फारच थोडी उरतात. रुद्रटाचा श्लोक जवळजवळ सगळा ‘ना’ आणि ‘ली’ या दोन अक्षरांवर उभा आहे, आणि तरीही तो छंदात बसतो.

रुद्रटाच्या काळी वजीर तिरका एकच घर सरकत असे. आज तो पटभर धावतो, ती चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आली. हत्तीच्या चालीचेही पूर्वी वेगवेगळे प्रकार होते. घोडा मात्र तेव्हा चालायचा तसाच आज चालतो. म्हणूनच हजार वर्षांहून जुनी ती वाट आपल्या घरच्या पटावर एकेक घर मोजत तपासता येते. ती तंतोतंत बरोबर आहे.

पुढे श्रीरंगमचे वैष्णव आचार्य वेदान्त देशिक यांनी ‘पादुकासहस्र’ या स्तोत्रात हीच वाट घेतली आणि त्याहून अवघड काम केले. त्यांचा एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की त्यातून दुसराच श्लोक निघतो, आणि तो स्तोत्रातला लगेच पुढचा श्लोक असतो. दोन्ही श्लोकांना आपापला अर्थ आहे. हे काम कागदावर करून पाहायला गेलेल्या माणसालाच त्यातले कष्ट कळतील.

या अर्ध्या पटाची एक गंमत मला फार आवडते. तिथे घोडा सगळी घरे फिरू शकतो, पण शेवटच्या घरातून एका उडीत पहिल्या घरी परतू शकत नाही. कुणी कितीही खटपट केली तरी नाही, आणि हे सिद्ध करायला गणिताची पदवी लागत नाही. चार ओळींपैकी वरची आणि खालची या कडेच्या ओळी म्हणू, उरलेल्या दोन मधल्या. कडेच्या ओळीतून घोडा उडाला की नेहमी मधल्या ओळीतच पडतो. कडेची घरे सोळा, मधली सोळा. फेरी बंद व्हायची असेल तर कडेच्या दोन घरांच्या मध्ये दर वेळी एक मधले घर यायलाच हवे; म्हणजे कडेचे, मधले, कडेचे, मधले असा क्रम अखेरपर्यंत चालला पाहिजे. पण घोडा प्रत्येक उडीला रंगही बदलतो: काळे, पांढरे, काळे, पांढरे. दोन्ही क्रम एकाच तालात चालले तर कडेची सगळी घरे एकाच रंगाची ठरतील. पट तर समोर आहे, कडेच्या ओळीत दोन्ही रंग आहेत. संपले!

पूर्ण पटावर अशी आडकाठी नाही. रुद्रटाची वाट चौथ्या ओळीच्या तिसऱ्या घरात संपते. तिथून खालच्या अर्ध्या पटाचे पहिले घर नेमके अडीच घरांवर आहे. तीच वाट खाली पुन्हा चालली की चौसष्ट घरे पूर्ण होतात. हा योगायोग असावा असे मला वाटत नाही.

पूर्ण पटावरच्या फेऱ्या सतराव्या शतकातल्या एका संस्कृत ग्रंथातही सापडतात, आणि त्याचा कर्ता आपल्या ओळखीच्या घराण्यातला आहे. नीलकंठ भट्ट काशीचे, पण घराणे मूळचे पैठणचे. शिवाजी महाराजांना 1674 मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे नीलकंठांच्या चुलतभावाचे चिरंजीव. नीलकंठांच्या ‘भगवंतभास्कर’ या बारा भागांच्या ग्रंथातला ‘व्यवहारमयूख’ मुंबई उच्च न्यायालयात वारसाहक्काच्या दाव्यांसाठी प्रमाण मानला गेला. त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाचे नियम आहेत आणि घोड्याच्या फेऱ्याही. वारसाची वाटणी आणि घोड्याची वाट, दोन्ही एकाच लेखणीतून उतरले!

युरोपात या कोड्याला गणिताच्या दरबारात नेले ते लेओनहार्ड ऑयलर यांनी. बर्लिनमध्ये असताना त्यांनी त्यावर लिहिलेला निबंध 1766 मध्ये छापून आला. अडकलेली वाट पुसून टाकू नका, दुरुस्त करा, असे त्यांचे म्हणणे. घोडा शेवटच्या घरात अडकला, तरी तिथून एका उडीवर आधी भेट दिलेले एखादे घर असतेच. त्या घरापर्यंतची वाट तशीच ठेवायची, पुढचा तुकडा उलटा फिरवून जोडायचा. कुठलेच घर गळत नाही, पण वाटेचे टोक दुसरीकडे जाते आणि तिथून नवी दारे उघडतात. 1823 मध्ये वार्न्सडॉर्फ या जर्मन लेखकाने त्याहून सोपा नियम दिला: पुढच्या ज्या घरातून बाहेर पडायच्या वाटा सर्वांत कमी, त्या घरात आधी जा. गरीब घरे आधी आटोपा, श्रीमंत घरे नंतरही भेटतील. आज रात्री कागदावर चौसष्ट घरे आखून हा नियम लावून पाहा. बहुतेक वेळा फेरी पुरी होते.

म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वोडेयर (1794–1868) यांना या छंदाने पार वेड लावले होते. त्यांच्या एका फेरीत घोड्याच्या क्रमाने घरांना 1 ते 64 आकडे दिले की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीची बेरीज 260 येते, आणि घोडा शेवटी पहिल्या घराशी परत पोचतो. मग दोन्ही कर्णांची बेरीजही 260 करता येईल का? या प्रश्नाने पुढची दीडशे वर्षे लोकांना झुंजवले. 2003 मध्ये संगणकाने सुमारे 61 दिवस चालून सगळ्या शक्यता तपासल्या. ओळी जमणाऱ्या मूळ फेऱ्या 140 निघाल्या. कर्णही जमणारी एकही नाही.

घोडा परत घरी येतो अशा फेऱ्या एकूण किती, हे ऑस्ट्रेलियातले गणिती ब्रेंडन मॅके यांनी 1997 मध्ये मोजले: 1,32,67,36,44,10,532. म्हणजे तेरा लाख कोटींच्या वर. सेकंदाला एक या वेगाने पाहायला बसले तर चार लाख वर्षे पुरणार नाहीत. एवढ्या गर्दीत ओळींबरोबर कर्णांचीही अट पाळणारी एकही फेरी निघू नये, याचे मला आजही नवल वाटते. पट वाढवून 12 बाय 12 चा केला, की ओळी आणि कर्ण दोन्ही जुळणाऱ्या फेऱ्या सापडतात.