चूक नेमकी कोणाची?

मेसमध्ये जेवताना टीव्हीवर अपघाताची बातमी लागली, की आपल्या टेबलावर दोन मिनिटांत निकाल लागतो. "ट्रकवाल्याचीच चूक असणार," एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "अरे, पण बाईकवर ट्रिपल सीट होते ना, मग त्यांचीच." आणि कोणालाच काही माहीत नसेल तर एक न लिहिलेला कायदा आहेच, मोठं वाहन ते दोषी!

पण मित्रांनो, त्या बातमीत कोणाचा तरी जीव गेलेला असतो. मागे राहिलेल्या घराला नुकसानभरपाई किती मिळणार आणि ड्रायव्हर तुरुंगात जाणार की नाही, हे या एकाच उत्तरावर अवलंबून असतं. मग हे उत्तर शोधतात तरी कसं? मी थोडं वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की हा एक प्रश्न नाहीच, तीन आहेत. धडक का झाली? माणूस का दगावला? आणि कायद्यानं जबाबदार कोण? आपण हे तिन्ही एकत्र कालवतो, म्हणून घोळ होतो.

पहिला प्रश्न आपल्या, म्हणजे इंजिनिअर मंडळींच्या, हद्दीतला आहे. ब्रेक करकचून लागले की टायर रस्त्यावर घासून काळा पट्टा उमटतो. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं समीकरण आठवा, वेगाचा वर्ग = २ × घर्षणांक × गुरुत्व त्वरण × पट्ट्याची लांबी. कोरड्या सपाट डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला आणि पट्टा २० मीटर भरला, तर गाडी थांबण्याआधी साधारण ताशी ६० किलोमीटर वेगानं येत होती. आता समजा, ती घासत जाऊन थांबली नाही, तर २० मीटरनंतर ताशी ३६ च्या वेगानं कशावर तरी आदळली. मग मूळ वेग किती? ६० अधिक ३६, म्हणजे ९६? चूक! बेरीज वर्गांची होते, त्यामुळे उत्तर ७० च्या आसपास येतं. असा कच्चा हिशेब कोणी कोर्टात मांडला तर एका माणसावर २६ किलोमीटरचा जादा आरोप लागेल.

शिवाय एबीएस असलेल्या गाडीचा पट्टा फिकट उमटतो किंवा दिसतच नाही. तेव्हा फुटलेल्या काचा, गाडीखालून गळलेला चिखल, रस्त्यावरचे ओरखडे आणि गाड्या जिथे थांबल्या ती जागा, यावरून धडक कुठे झाली ते काढतात. म्हणूनच पोलिसांचा पंचनामा आणि आरटीओच्या निरीक्षकानं केलेली गाडीची तपासणी महत्त्वाची. नवीन गाड्यांमध्ये तर एअरबॅगच्या यंत्रणेतच धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक यांची नोंद राहते.

याचं एक उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि मागच्या सीटवरचे दुसरे प्रवासी दगावले, पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. गाडीतल्या नोंदीवरून कंपनीनं पोलिसांना कळवलं, की काही सेकंद आधी वेग ताशी १०० होता आणि धडकेच्या वेळी ८९. आता आपले तीन प्रश्न लावून बघा.

धडक का झाली? वेग आणि चालवणं हे आलंच. पण तपास करणाऱ्या फॉरेन्सिक पथकानं पुलाच्या रचनेवरही बोट ठेवलं. तिथे तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो आणि कठडा वाटेत येतो. माणसाला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत रस्त्याच्या डिझाइनमध्ये २.५ सेकंद धरतात. ताशी १०० ला तेवढ्यात गाडी जवळजवळ ७० मीटर पुढे गेलेली असते!

माणसं का दगावली? मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ताशी ८९ नं आदळणं म्हणजे ३१ मीटरवरून, साधारण दहाव्या मजल्यावरून, पडण्यासारखं. बेल्ट न लावल्यामुळे धडक झाली नाही, पण धडकेचा परिणाम बदलला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता जबाबदार कोण? या प्रकरणात गाडी चालवणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या ३०४ अ कलमाखाली, म्हणजे हयगयीनं मृत्यूस कारण झाल्याचा, गुन्हा दाखल झाला. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं आणि ती पाच वर्षांपर्यंत गेली. पण फौजदारी खटल्यात गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध व्हावा लागतो. "गाडी स्पीडमध्ये होती" एवढंच म्हणून भागत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच सांगितलंय. आणि सिव्हिलच्या मित्रांनो, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन किंवा बांधकाम ठरलेल्या दर्जाचं नसल्यानं मृत्यू झाला, तर जबाबदार कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नुकसानभरपाईचा दावा वेगळ्या न्यायाधिकरणापुढे चालतो. तिथे पुराव्याचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात आणि चूक टक्क्यांतही वाटली जाते. समजा भरपाई २० लाख ठरली आणि मेलेल्याची स्वतःची चूक ३० टक्के निघाली, तर घरच्यांना १४ लाखच मिळतात.

मग ट्रिपल सीटवाल्यांचं काय? २०२० मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच एक प्रकरण आलं. मोटरसायकलवर तिघे होते, मागून कारनं ठोकलं आणि त्यातला एक गेला. तिघे बसले म्हणून भरपाई कापली होती, ती कपात कोर्टानं रद्द केली. नियम मोडला हे खरं, पण त्यामुळे अपघात झाला किंवा त्याचा परिणाम वाढला हे दाखवावं लागेल, नुसतं बोट दाखवून चालणार नाही. (याचा अर्थ ट्रिपल सीट चालतं असा कृपया कोणी काढू नये! दंड आहेच, आणि तोल गेला तर टक्केही आहेत.)

शेवटी एकच सांगायचंय. हे सगळं ठरतं ते रस्त्यावरच्या खुणांवरून, आणि त्या टिकतात काही तासच. पाऊस पडतो, ट्रॅफिक मोकळं करायला गाड्या बाजूला घेतात, काचा झाडून टाकतात. आपल्यासमोर अपघात झाला तर आधी जखमींना हॉस्पिटलमध्ये पोचवा. घाबरू नका, मदत करणाऱ्याला कायद्यानं (कलम १३४ अ) संरक्षण आहे. ते झालं की गाड्या हलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, रस्त्याचे, टायरच्या पट्ट्यांचे, गाड्या कुठे थांबल्या त्याचे. कोणाला दोषी ठरवायची घाई गर्दी करतेच, आपण निदान मोजण्यासारखं काही शिल्लक ठेवू.