काळ्या कातळाआधीचे मासे

अंबाजोगाईचं ‘हत्तीखाना’ लेणं ज्या काळ्या कातळात कोरलंय, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. धगधगत्या रसात माशाचा जीवाश्म टिकणार कसा? तो शोधायचा लाव्हाखालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावचे मासे अशाच, लाव्हाखालच्या ‘लॅमेटा’ थरांतले. जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यातला ‘गार’ मासा विलक्षण देखणा. खवले शंकरपाळ्यांच्या आकाराचे, वर दातावरच्या एनॅमलसारखा टणक, चकचकीत थर; म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले. जवळच्याच पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडली आहेत. गारचे भाईबंद आजही उत्तर आणि मध्य अमेरिकेत, क्यूबात पोहतात. भारतातल्या नद्यांत मात्र एकही उरलेला नाही.