शब्बाथचा वेणीपाव
शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले शनवार तेली, म्हणजेच मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू, आपल्याला ठाऊक आहेत. जगभरचे ज्यू शब्बाथला जो वेणीपाव करतात, तो ‘हल्ला’ (नावावर हसू नका!) आम्ही हैदराबादेत घरी करून पाहिला.

५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, २ अंडी, पाव वाटी तेल, तेवढीच साखर, चमचाभर मीठ, लागेल तसे कोमट पाणी. दूध-लोणी नाही, मांसाच्या जेवणात ते वर्ज्य. इथल्या उन्हाळ्यात पीठ तासाभरात फुगते. तिपेडी वेणी सैल घाला. आमची पहिली घट्ट झाली नि भट्टीत फाटली! पुन्हा अर्धा तास फुगवून, वर अंडे लावून, १८० अंशांवर अर्धा तास भाजा.

पाव मात्र दोन हवेत. वाळवंटात शुक्रवारी मन्ना दुप्पट मिळे, त्याची ती आठवण.